पर्जन्यवृक्षाची छाटणी झाड पाडण्यापेक्षा महाग कशी?

बी_विंग_ठाणे:

सोसायटीच्या आवारात दोन जुने पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) आणि कुंपणाला लागून एक गुलमोहर आहे. मोठ्या पर्जन्यवृक्षाचा छातीच्या उंचीवर घेर ३ मीटर, उंची १५-१६ मीटर. त्याची एक आडवी फांदी पार्किंगवर दहाएक मीटर आलेली आहे, खोडापाशी ती ४० सेंमी जाड आहे. दुसरी एक रस्त्याच्या बाजूला ११ केव्हीच्या विजेच्या लाइनवर झुकते. पुढच्या पावसाळ्याआधी काहीतरी करायला हवं यावर कमिटीत एकमत आहे. काय करायचं यावर नाही.

तीन ठेकेदार येऊन बघून गेले. पहिला म्हणाला, "वरून सगळं सपाट करून देतो, पाच वर्षं बघायला नको." दुसरा म्हणतो परवानगी तुम्ही आणा, झाड पाडून लाकूड आम्ही नेतो, त्याचा दर सगळ्यात कमी. तिसऱ्यानं फक्त छाटणीचा दर दिलाय, चार माणसं आणि दोन दिवस, आणि तो पाडण्याच्या दरापेक्षा चांगलाच वर आहे. कमिटीतल्या निम्म्या लोकांचं म्हणणं, एवढे पैसे घालून झाड ठेवायचं आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा तेच करायचं, यात मतलब काय?

जाणकारांनी सांगावं. छाटणीत एवढं कौशल्य कसलं? तिसरा माणूस लुबाडतोय का? आणि झाड खरंच पाडायला झालंय हे ओळखायचं कसं? आता डिसेंबर चालू आहे, हाताशी वेळ आहे.

बुंधा:

लुबाडत नसावा. पाडणाऱ्याला लाकूड मिळतं, ते वखारीत किंवा भट्टीला जातं, त्याचा हिशोब त्यानं दरात आधीच धरलेला असतो. छाटणीतून निघतो तो पाला आणि काटक्या, म्हणजे उलट वाहतुकीचा खर्च.

खरा फरक मात्र माणूस झाडावर कुठे उभा राहतो यात आहे. फांदी मुळातून उडवायची असेल तर खोडाला बांधून घेऊन बुडाशी काप घेतला की झालं. छाटणीत कापायचं असतं टोकाकडे, जिथे फांदी मनगटाएवढी असते आणि माणसाचं वजन घेत नाही. वरच्या भक्कम बेचक्यात दोर अडकवायचा, सगळं वजन त्या दोरावर ठेवायचं, फांदीवर नुसते पाय टेकवत आठ-नऊ मीटर बाहेर जायचं आणि तिथे हातकरवत चालवायची. हे जमणारी माणसं थोडी, म्हणून दर जास्त. जमत नाही ते काय करतात तेही सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेक 'छाटणी' तशीच होते: खोडाजवळ बसून हाताला लागतील त्या आतल्या लहान फांद्या साफ करायच्या. खालून बघणाऱ्याला झाड मोकळं, हवेशीर दिसतं. पण पाल्याचा गोंडा टोकालाच राहतो आणि मधला दांडा उघडा पडतो. वाऱ्यात अशी फांदी जास्त हेलकावते आणि मधूनच मोडते. अशी छाटणी करून घेण्यापेक्षा न केलेली बरी.

तुमच्या पार्किंगवरच्या फांदीचं साधं गणित करा. खोडापासून १० मीटरवर असलेलं ५० किलो वजन बुडाशी जेवढा ताण देतं, तेवढाच ताण २ मीटरवरचे २५० किलो देतात. म्हणजे टोकाची दीड-दोन मीटर कमी केली तर आतली जाड उपफांदी काढण्यापेक्षा जास्त फायदा होतो, आणि जखमा राहतात ८-१० सेंमीच्या. तीच फांदी खोडापाशी उडवली तर ४० सेंमीचा उघडा गोल उरेल. या वयाच्या झाडात तो कधीच मिटणार नाही.

टोक कमी करताना काप कुठेही घ्यायचा नाही. जिथे बाजूला दुसरी जिवंत उपफांदी फुटली आहे तिथेच, आणि ती उपफांदी कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. ९ सेंमीवर कापणार असाल तर उरणारी फांदी ३ सेंमीची चालते, ४-५ ची असली तर उत्तम. ती पुढे टोक म्हणून काम करते, रस ओढते, जखमेपाशी धुमारे कमी फुटतात. मध्येच कापून ठोंब ठेवला तर तो वाळतो नाहीतर झाडूसारखा फुटतो.

आता 'सपाट करून देतो' बद्दल. शेंडे सरसकट छाटले की झाड सालीखालच्या झोपलेल्या डोळ्यांतून शेकडो धुमारे काढतं. पाला गेल्यामुळे अन्न बंद झालेलं असतं, साठवणीतलं काढून ते जीव वाचवत असतं. धुमारे दोन-तीन वर्षांत तीन-चार मीटर वाढतात, पण ते नुसते बाहेरच्या लाकडाला चिकटलेले असतात, जुन्या फांदीसारखे आतपर्यंत गुंतलेले नसतात. दरम्यान त्याखालचा काप कुजत असतो. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात वर जड, खाली कुजका सांधा. पाच वर्षं बघायला नको म्हणणारा माणूस तेव्हा फोन उचलत नाही. एका खेपेला जिवंत पाल्याचा चौथा हिस्सा ही तरुण झाडासाठी कमाल मर्यादा. तुमच्या झाडाच्या वयाला १०-१५ टक्क्यांवर थांबावं. वाळक्या फांद्या त्यात धरायच्या नाहीत, त्या सगळ्या काढा.

फांदी बुडाशी काढावीच लागली तर काप तीन. पहिला खोडापासून ४०-४५ सेंमीवर, खालच्या बाजूनं, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. पातं धरलं जायला लागायच्या आत थांबायचं. दुसरा त्याच्या ३-५ सेंमी बाहेर, वरून. फांदी मोडून पडते आणि उरलेल्या खुंटाला वजनच राहत नाही. मग तिसरा, खरा काप. पहिला खालचा काप चुकवला तर फांदी पडताना खोडावरची साल दोन-तीन फूट सोलत नेते. आणि ते नेहमी चहाच्या वेळेआधी घाईतच होतं.

तिसऱ्या कापासाठी डोळे लागतात. फांदी खोडाला मिळते तिथे खालून एक फुगवटा असतो, आणि वर बेचक्यात सालीची काळपट, सुरकुतलेली कड असते. तो फुगवटा खोडाचा भाग आहे, फांदीचा नाही. कड आणि फुगवटा दोन्ही जागेवर ठेवून त्यांच्या लगेच बाहेर कापायचं. काप बहुधा तिरका येतो, खोडाला समांतर येत नाही. झाड जखम भरून काढत नाही, ती कोंडून टाकतं. कूज जिथे आहे तिथेच अडवायची भिंत आतल्या आत उभी करतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य ओंडके उभे चिरून हे दाखवलं, १९७७ मध्ये त्यांची मांडणी आली. सगळ्यात मजबूत भिंत या फुगवट्याच्या मुळाशी तयार होते. 'सफाईदार दिसावं' म्हणून खोडाला घासून कापलं की भिंतच गेली, कूज थेट खोडात.

तिसऱ्या ठेकेदारानं वर्षभरापूर्वी छाटलेलं झाड दाखवायला सांगा आणि जखमेची कड बघा. चारी बाजूंनी सारखी गोल कड चढली असेल तर काप बरोबर. डावी-उजवीकडे दोन जाड ओठ आणि वर-खाली कोरडं लाकूड असेल तर फुगवटा कापला गेलाय.

दोर_कप्पी:

वरच्याशी सहमत. पाडण्याच्या बाजूनं थोडं, कारण ते अगदीच अडाणी काम आहे असा समज व्हायला नको.

मोकळ्या रानात झाड पाडण्याचं कसब दोन-तीन कापांत आणि आधीच्या पाहणीत असतं. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला पाचरीसारखी खाच, खोडाच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत खोल. तिचं तोंड ७० अंशांच्या वर उघडं ठेवलं तर झाड जवळजवळ जमिनीपर्यंत बिजागरीवर राहतं. मग मागून काप घ्यायचा, पण आरपार नाही. मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी अखंड पट्टी सोडायची. तुमच्या झाडाचा व्यास ९५ सेंमी निघतो (घेर भागिले ३.१४), म्हणजे ९-१० सेंमीची पट्टी. हीच बिजागरी झाडाला दिशा देते. ती कापून टाकली की झाड कुठे जाईल हे कोणाच्याच हातात नाही. पाडायच्या बाजूलाच झाड कलतं असेल आणि नेहमीसारखा मागून काप घेतला तर खोड उभं फाटतं आणि मागचा फाळका कापणाऱ्याच्या छातीवर येतो. कलत्या झाडात म्हणून पातं आधी मधून आरपार घालतात, बिजागरी तयार करून घेतात आणि मागची पट्टी शेवटी तोडतात. पळायची वाट आधी साफ करायची, पडण्याच्या दिशेच्या मागे तिरकी, ४५ अंशांत. बरोब्बर मागे उभं राहायचं नसतं.

आता मुद्दा. पाडताना माणसं झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब हवीत. १६ मीटरच्या झाडाला ३२ मीटर. ठाण्यातल्या सोसायटीत तेवढी जागा म्हणजे तीन इमारती आणि एक रस्ता. तेव्हा तुमच्याकडे 'पाडणं' याचा अर्थ झाड तुकड्या-तुकड्यांनी उतरवणं. त्यालाही दोर, कप्पी आणि जाणता माणूस लागतोच. दुसऱ्या ठेकेदारानं दरात हे धरलंय का ते विचारा, की तो ओंडके वरून नुसते सोडणार आहे?

ओंडक्याचं वजन लोक फार कमी धरतात. ४० सेंमी जाडीचा २ मीटरचा तुकडा म्हणजे पाव घनमीटर लाकूड. ओलं लाकूड पाण्याच्या आसपास भरतं, म्हणजे सुमारे २५० किलो. तो कप्पीवरून उतरवताना एका बाजूला ओंडका, दुसऱ्या बाजूला त्याला धरणारा दोर, म्हणून कप्पी ज्या फांदीला बांधली तिच्यावर जवळपास दुप्पट भार येतो. आणि दोर ढिला राहून ओंडका मीटरभर पडून मग अडकला तर झटका वजनाच्या कित्येक पट. कुजक्या झाडात कप्पीची फांदीच खाली येते ती अशी. म्हणून तुकडे लहान घ्यायचे, दोर आधीच ताणून ठेवायचा, आणि खालच्या माणसानं दोर हातात धरायचा नाही, बुंध्याला तीन-चार वेढे देऊन घर्षणावर सोडायचा.

दोराचं बघा. माणूस ज्यावर लटकतो तो आणि ओंडका ज्यावर उतरतो तो, हे वेगळे हवेत. माणसाचा दोर चढाईसाठी बनवलेला, निदान ११ मिमीचा. बाजारातली निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी पॉलिप्रॉपिलीनची असते, १६५ अंशांच्या आसपास वितळते आणि फांदीवर घासून सरकताना तेवढी सहज तापते. माणूस ती कमरेला बांधून वर गेलेला दिसला तर काम थांबवा, दर कितीही चांगला असो.

बांबूची शिडी कापायच्या फांदीलाच टेकवतात, तेही नको. टोकाचं वजन गेलं की उरलेली फांदी झटकन वर उसळते आणि शिडीचा टेकू जातो. चेनसॉ शिडीवरून, एका हातानं किंवा खांद्याच्या वर चालवायचा नसतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला की मशीन तोंडाकडे उसळतं.

एक खूण अजून: झाड ठेवायचं असेल तर चढणाऱ्याच्या बुटाला खिळे नकोत. प्रत्येक पावलाला सालीत भोक पडतं. पाडायच्या झाडावर चालतात.

११ केव्हीच्या फांदीला महावितरणचा शटडाउन लेखी घेतल्याशिवाय हात लावू देऊ नका. चालू लाइनपासून माणूस, हत्यार आणि फांदी तिन्ही निदान ३ मीटर लांब हवीत. ओली फांदी वीज वाहून नेते. शटडाउन मिळाल्यावरही लाइन दोन्ही बाजूंनी अर्थ केलेली (जमिनीला जोडलेली) आहे का हे लाइनमनला विचारायचं, कारण कुणाच्या जनरेटरचा करंट उलटा येऊ शकतो.

मळेकरी_मिरज:

सगळं ठीक, पण कापावर काहीच लावायचं नाही? आमच्याकडे जुना आंबा खाली घेतला, म्हणजे वरून कापून उंची कमी केली, की कापांवर बोर्डो पेस्ट लावतातच. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको. तयार झाल्यावर घासलेला विळा बुडवून बघायचा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. न लावता ठेवलं तर भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागते, भोकातून भुसा गळायला लागतो आणि फांदी आतून पोखरली जाते. शिवाय उन्हाचं कोणी बोललं नाही. सावलीत वाढलेल्या फांद्या एकदम उघड्या पडल्या तर एप्रिलच्या उन्हानं वरची साल करपते, फाटते, आणि भिरूड तिथूनच शिरते. खोडाला आणि वरून ऊन बसणाऱ्या जाड फांद्यांना चुना किंवा तीच पेस्ट लावावी.

बुंधा:

आंब्याच्या बागेतलं वेगळं आहे. तिथे जुनं झाड मुद्दाम खाली घेतात, नवा फुटवा हवा असतो, विरळणी करून तो वाढवतात, आणि भिरूड हा तिथला ठरलेला शत्रू आहे. तिथे पेस्ट लावा. आवारातल्या सावलीच्या झाडावर योग्य जागी घेतलेल्या १० सेंमीच्या कापाला त्याची गरज नाही. ऑइलपेंट आणि डांबर तर मुळीच नको. त्याखाली ओल अडकते, वरचा थर काही महिन्यांत तडकतो आणि बुरशीला आयता आडोसा मिळतो. ठेकेदार रंग लावतात कारण काम झाल्यासारखं दिसतं. उन्हाचा मुद्दा मात्र पटला. १०-१५ टक्क्यांवर थांबायचं हेही एक कारण.

पर्जन्यवृक्षाबद्दल एक राहिलं. कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसतोय का बघा. पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड) असेल तर ते शेंडे आधी काढून पोत्यात भरून न्यायचे, दुसऱ्या झाडाखाली ढीग लावायचा नाही. मुंबईत गेल्या दशकात त्यानं बरेच पर्जन्यवृक्ष वाळले.

बी_विंग_ठाणे:

खूपच उपयोगी. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. दुसऱ्या पर्जन्यवृक्षाला दीड मीटरवर ढोली आहे, आत हात जातो. आणि गुलमोहराच्या बुडाशी पावसाळ्यात तपकिरी, चकचकीत, कान फुटल्यासारखी बुरशी येते, आता वाळून कडक झाली आहे. शिवाय दोन वर्षांपूर्वी कुंपणालगत गॅसच्या पाइपसाठी चर खणला होता. ढोलीचं झाड जास्त धोक्याचं, बरोबर?

मूळधारी:

बहुधा उलटं. ढोली दिसते म्हणून लोक घाबरतात, बुडाची बुरशी दिसत नाही म्हणून तिच्याखाली गाड्या लावतात.

ढोलीचं आधी. खोडाची ताकद बाहेरच्या कड्यात असते, गाभा पोकळ असला तरी झाड उभं राहतं. ढोबळ नियम असा की निरोगी लाकडाची भिंत त्रिज्येच्या ३० टक्क्यांपेक्षा जाड हवी. त्या झाडाचाही घेर ३ मीटर धरला तर त्रिज्या ४७ सेंमी आणि भिंत निदान १४ सेंमी. लाकडी हातोडीनं खोड सगळीकडून ठोकून बघा, आवाज कुठे भरीव, कुठे भद्द येतो त्याच्या खुणा खडूनं करा. हातानं मापायला ढोलीतून एक पातळ सळई आणि बाहेरून पट्टी पुरते. हा नियम बंद पोकळीसाठी आहे हे मात्र लक्षात ठेवा. एका बाजूनं खोड उघडं असेल, म्हणजे घेराच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठं तोंड असेल, तर तो लागू नाही आणि तज्ज्ञाकडून सुई घालून लाकडाचा रोध मोजणाऱ्या यंत्रानं तपासणी करून घ्यावी. भिंत चांगली असेल तर त्या झाडाला छाटणीनंच जास्त उपयोग. उंची आणि टोकांचं वजन कमी केलं की ढोलीवरचा ताण कमी होतो. ढोली सिमेंटनं भरू नका. सिमेंट वाकत नाही, झाड वाऱ्यात वाकतं. मध्ये फट पडते आणि तिथे पाणी साठतं.

गुलमोहर. तुम्ही वर्णन केलेली बुरशी गॅनोडर्मा असण्याची दाट शक्यता आहे. ती बुडाचं आणि मुळांचं लाकूड खाते, वरचा पाला बराच काळ हिरवागार राहतो. गुलमोहराची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, पावसाळ्यात मुळासकट आडवं होणाऱ्यांत हे झाड नेहमीच असतं. त्यात चर खणलेला. जाड, आधाराची मुळं खोडाच्या व्यासाच्या साधारण तिप्पट अंतरात असतात. ६० सेंमीचं खोड असेल तर पावणेदोन-दोन मीटर. चर त्याच्या आत गेला असेल तर त्या बाजूचा आधार गेला. पाइपवाल्यांनी तोडलेली मुळं माती लोटून झाकलेली असतात, वर्षभर काही कळत नाही.

चराची बाजू आणि त्याच्या समोरची बाजू, दोन्हीकडे बुडाशी माती उकरून बघा. टोकदार सळई मुळात सहज घुसत असेल, किंवा झाड ज्या बाजूला कलतं त्याच्या विरुद्ध बाजूला जमिनीला कमानीसारखी भेग असेल, तर छाटणीवर पैसे घालवू नका. तिथे पाडणं हाच बरोबर निर्णय. नुसतं कलतं झाड धोक्याचं नसतं, वर्षानुवर्षं तसंच वाढलेलं झाड त्या बाजूला लाकूड जाड करून घेतं. नव्यानं कललेलं असतं ते.

आणि कमिटीतलं कोणी खोडाला भोक पाडून हिंग किंवा अ‍ॅसिड भरायचं सुचवलं तर तिथेच थांबवा. कायद्याचं सोडा, वाळलेल्या झाडाच्या फांद्या चढणाऱ्याचं वजन घेत नाहीत, कप्पी बांधायला जागा राहत नाही. मग क्रेन आणावी लागते आणि काम दुपटीनं महागतं.

पर्जन्यवृक्षांच्या बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक असतील तर निदान मीटरभर जागा मोकळी करा. जमलं तर छाटणीचा पाला-काटक्या बारीक करून तिथेच ५-८ सेंमीचा थर द्या, खोडाला न टेकवता.

रातबगळा:

परवानगीचं कोणी बोललं नाही म्हणून. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली झाड पाडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि त्यातल्या 'पाडणे' या व्याख्येत जाळणं, कापणं आणि झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही येतं. म्हणून सपाट छाटणी 'ही नुसती छाटणी आहे' म्हणून सुटत नाही. छाटणीचाही अर्ज महापालिकेच्या वृक्ष विभागाकडे करा, कुठल्या फांद्या, किती लांबी, सोबत फोटो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, आणि पाडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं भरपाई म्हणून लावावी लागतात. तुमचे पर्जन्यवृक्ष त्या वयाचे असू शकतात. दुसऱ्या ठेकेदाराच्या दरात हा खर्च नाही, कमिटीला सांगा.

वेळेचं. मे अखेरीस घाईघाईनं छाटणी होते ती सगळ्यात वाईट. पाठोपाठ पाऊस येतो, ताज्या कापांवर बुरशीचे बीजाणू बसतात. जून ते सप्टेंबर तर पर्जन्यवृक्षांवर वंचक, रातबगळे, पाणकावळे घरटी करतात. अंडी-पिल्लं असलेली फांदी तोडणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. जानेवारी ते मध्य फेब्रुवारी हा काळ धरा, नवी पालवी यायच्या आधी. पालवी फुटत असताना झाडाची साठवण तळाला गेलेली असते, तेव्हा पाला काढणं त्याला जड जातं.

पण जानेवारीही पूर्ण मोकळा नाही. घारी हिवाळ्यातच उंच झाडावर काटक्यांचं घरटं करतात, आणि ढोलीत पोपट किंवा पिंगळे असू शकतात. कामाच्या आदल्या आठवड्यात सकाळी आणि संध्याकाळी अर्धा तास दुर्बीण लावून बघा. घरटं निघालं तर ती फांदी सोडून बाकीचं काम करता येतं.

बी_विंग_ठाणे:

तिसऱ्याला काम द्यायचं ठरतंय. वर्क ऑर्डरमध्ये नेमकं काय लिहू? 'आवश्यक छाटणी' एवढंच त्याच्या कोटेशनमध्ये आहे.

बुंधा:

'आवश्यक छाटणी' हे शब्द काढा, त्यात सगळं बसतं. दोन्ही झाडांचे चारी बाजूंनी फोटो काढून त्यावर फांद्यांना नंबर द्या. प्रत्येक नंबरसमोर लिहा: टोकापासून किती मीटर कमी करायची, कापाची जास्तीत जास्त जाडी किती. पार्किंगवरच्या फांदीला 'टोकाकडून १.५ ते २ मीटर, बाजूच्या उपफांदीवर, कोणताही काप १० सेंमीपेक्षा जाड नाही'. सर्वसाधारण अटीत: शेंडे छाटायचे नाहीत, आतल्या बारीक फांद्या साफ करायच्या नाहीत, फुगवट्याच्या आत काप नाही, ठोंब नाही, रंग-डांबर नाही, खिळ्यांचे बूट नाहीत, ३ सेंमीच्या वर कोयता नाही (कोयत्यानं कड चिंध्या होते, करवतच हवी). २५ सेंमीच्या आतल्या ओंडक्यालाही खाली गाडी असेल तर दोर. चढणाऱ्या माणसांचा अपघात विमा, त्याची प्रत काम सुरू व्हायच्या आधी.

पैसे तीन भागांत द्या. शेवटचा भाग खालून दुर्बिणीनं प्रत्येक नंबरचा काप बघून झाल्यावर. दोन दिवस आणि चार माणसं म्हणाला ना? पहिल्या दिवशी बाराच्या आत एक झाड उरकलं तर समजा की टोकापर्यंत कोणी गेलेलं नाही.

मूळधारी:

गुलमोहराचा अर्ज वेगळा करा, छाटणीच्या अर्जात मिसळू नका, नाहीतर तिन्ही झाडं एकत्र अडकून पडतात. बुरशीचा जवळून फोटो आणि चराचं अंतर मापपट्टीसकट लावा. परवानगी येईपर्यंत त्याच्याखालचं पार्किंग बंद ठेवा.

बी_विंग_ठाणे:

उद्या माती उकरून बघतो. भेग असेल तर इथे फोटो टाकतो.